गोल फिरणारे वाफेचे इंजिन आणि त्याचे घरगुती मॉडेल

सुरतेत 'रोटरी' म्हटले की दोनच गोष्टी आठवतात. एक रोटरी क्लब आणि दुसरी पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमधली साड्या छापणारी रोटरी मशीन. या लेखातली रोटरी तिसरी आहे. वाफेवर चालणारे, पण ज्यात दट्ट्या पुढे-मागे होत नाही, थेट गोल फिरतो, असे इंजिन. मी बी.कॉम. झालेला बँकवाला माणूस. यंत्रांशी संबंध आला तो कर्ज देताना आणि कारखान्यांची पाहणी करताना. त्यामुळे मंडळातल्या इंजिनिअर मंडळींना हे लिखाण बाळबोध वाटेल, पण शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना ते नीट समजावे अशा बेताने लिहिले आहे.

वाफ आपल्या शहराला काही नवी नाही. कापड रंगवायचे, छापायचे, सुकवायचे, सगळे वाफेवर. गंमत अशी की या वाफेकडून आपण फक्त उष्णता घेतो. तिच्यात असलेला जोर बहुधा वापरत नाही. हा जोर कुठून येतो? एक लिटर पाण्याची उघड्यावर वाफ केली तर ती साधारण १६७० लिटर जागा व्यापते. तिला तेवढी जागा दिली नाही, तर ती भिंती ढकलते. त्यातली एक भिंत हलती ठेवली की झाले इंजिन.

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा खानदेशातून तापी व्हॅलीच्या गाडीने सुरतेला आले. उधना ते जळगाव हा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला आणि पुढे कित्येक दशके त्यावर वाफेची इंजिने धावली. त्या इंजिनात एक नळकांडे आणि त्यात दट्ट्या असे. वाफ एकदा या बाजूने ढकले, एकदा त्या बाजूने. दट्ट्याला जोडलेला लांब दांडा चाकाला फिरवी. म्हणजे पुढे-मागे चालणारी हालचाल गोल करून घ्यायची. घरातली पायाची शिलाई मशीन आठवा. पाय खाली-वर होतो, चाक गोल फिरते. पण पायटा अगदी वर किंवा अगदी खाली असला की कितीही दाबले तरी चाक हलत नाही, मग हाताने थोडा धक्का द्यावा लागतो. वाफेच्या इंजिनातही तीच अडचण. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या दोनदा पूर्ण थांबतो, उलटा फिरतो, आणि त्या दोन क्षणी चाकाला काहीच जोर मिळत नाही. त्यासाठी जड फ्लायव्हील ठेवायचे, किंवा दोन नळकांडी अशी जोडायची की एक थांबले असताना दुसरे ढकलत असेल.

अशा दट्ट्याच्या इंजिनाच्या इतिहासात सुरतेचाही एक धागा आहे. जहाजे बांधणारे वाडिया घराणे मूळचे सुरतेचे. लवजी नसरवानजी वाडिया हे अठराव्या शतकात इथून मुंबईच्या गोदीत गेले. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी, जन्म १८०८. त्यांनी तरुणपणी मुंबईत एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः तयार केले आणि त्यावर विहिरीचे पाणी चढवले. १८३४ साली माझगावचे आपले घर आणि बाग त्यांनी गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखवली. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. १९६९ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले, पण सुरतेत त्यांचे नाव घेणारा मला अजून भेटलेला नाही. एक अश्वशक्ती म्हणजे आज आपल्या सोसायटीच्या टाकीवर पाणी चढवणारी मोटर. तिच्याएवढे काम करणारे इंजिन त्या काळी जवळपास कुठलेच सुटे भाग मिळत नसताना बांधणे सोपे नव्हते.

आता मूळ प्रश्न. शेवटी चाक गोलच फिरवायचे आहे, तर वाफेनेच त्याला थेट गोल का ढकलू नये? दांडे नकोत, थांबणे नको, उलटणे नको. हा प्रश्न कुणालाही सुचतो आणि तो जेम्स वॉटलाही सुचला होता. त्याच्या १७६९ च्या प्रसिद्ध पेटंटमध्ये वाफेच्या चाकाची कल्पना आहे. त्याचाच सहकारी विल्यम मर्डॉक याने १७९९ मध्ये एकमेकांत अडकलेल्या दोन दातेरी चाकांना वाफेने फिरवणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले. लॉर्ड डंडोनाल्ड या नौदल अधिकाऱ्याने आपले फिरते इंजिन १८४० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या 'जेनस' जहाजावर बसवून पाहिले, तेही टिकले नाही. एकोणिसाव्या शतकभर असे शोध लागत राहिले, पेटंटे निघत राहिली, पैसा बुडत राहिला. कल्पना तर चूक नव्हती. मग अडले कुठे?

हे समजायला अशा इंजिनाच्या पोटात डोकवावे लागेल. सर्वात सोपा प्रकार पात्यांचा. एक गोल डबा घ्या, त्याला बॉडी म्हणू. आत थोडा लहान गोल रोटर, पण मधोमध नाही. तो एका बाजूला सरकवलेला, इतका की वरच्या बाजूला बॉडीला जवळजवळ टेकतो. त्यामुळे दोघांमध्ये चंद्रकोरीसारखी जागा राहते: वर शून्य, खाली सर्वात रुंद. रोटरला चार खाचा आणि प्रत्येक खाचेत आत-बाहेर सरकणारे एक पाते. रोटर फिरू लागला की पाती बाहेर फेकली जातात आणि बॉडीच्या आतल्या भिंतीला घासत फिरतात. दोन पात्यांच्या मध्ये एक कप्पा तयार होतो.

घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. रोटर बॉडीला टेकतो ती जागा बाराची. वाफ आत येते एकच्या जागी. समजा कप्प्याचे पुढचे पाते सहावर आहे आणि मागचे तीनवर. कप्प्यातली वाफ सगळीकडे सारखाच दाब देते, पुढच्या पात्यालाही आणि मागच्यालाही. मग रोटर एकाच दिशेने का फिरतो? कारण पुढचे पाते जास्त बाहेर आलेले आहे आणि मागचे कमी. दाब तोच, पण पुढच्या पात्याचे क्षेत्रफळ मोठे, म्हणून पुढे ढकलणारा जोर जास्त. या दोहोंच्या फरकाएवढाच आपला नफा! जमा आणि नावे यांच्या फरकासारखा. कप्पा पुढे जाताना मोठा होत जातो, वाफ फुगते, आणि साडेसातच्या पुढे मोकळ्या खिडकीतून बाहेर पडते. प्रत्येक फेऱ्यात असे चार कप्पे येतात, त्यामुळे जोर जवळजवळ सलग मिळतो. कागदावर हे इतके देखणे दिसते की कुणीही प्रेमात पडावे.

खरी अडचण आहे गळतीची. दट्ट्याच्या इंजिनात दट्ट्या गोल, नळकांडे गोल, मध्ये एक चिरलेली लोखंडी रिंग. ती स्वतःच्या ताणाने चहूकडे सारखी दाबून बसते, झिजली तरी थोडी आणखी फाकते आणि जागा भरून काढते. फिरत्या इंजिनात अशी एक रिंग पुरत नाही. पात्याची वरची कड सील करायला हवी, दोन्ही बाजूंच्या कडा हव्यात, रोटरच्या दोन्ही सपाट बाजू झाकणांना लागून फिरायला हव्यात, आणि बाराच्या जागी रोटर-बॉडीमधली फटही बंद हवी. चार पात्यांचे प्रत्येकी दोन कोपरे, कोपऱ्यात रिंग बसत नाही. शिवाय पात्याचे टोक वेगाने घासते आणि शाफ्टजवळचा भाग हळू, म्हणून झीज सारखी होत नाही. वाफेने रोटर तापतो, बॉडी वेगळ्या प्रमाणात तापते, दोघे वेगवेगळे फुगतात. फट जास्त ठेवली तर वाफ पळते, कमी ठेवली तर रोटर अडकतो. वरून वाफ तेलही धुऊन नेते.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उधन्याला लूमचे सुटे भाग करणारा एक टर्नर माझ्याकडे कर्जासाठी आला. मूळचा अमळनेरकडचा. (सुरतेत 'खाते' म्हणजे नेहमी बँकेतलेच असते असे नाही, लूमच्या कारखान्यालाही खातेच म्हणतात. याचे काम अशा खात्यांवर चाले.) त्याने पात्यांच्या इंजिनाचे सुंदर चित्र आणले होते आणि हाताने बनवलेला नमुनाही. त्याचा विचार पक्का होता. प्रोसेस हाउसचा बॉयलर वाफ जास्त दाबाने तयार करतो, पण रंगाईच्या मशीनला कमी दाबाची लागते, म्हणून मध्ये दाब उतरवणारा व्हॉल्व्ह असतो. तो दाब फुकट जातो. व्हॉल्व्हच्या जागी आपले इंजिन बसवले, तर वीज मिळेल आणि वाफही पुढे रंगाईला जाईल. त्यासाठी दिंडोलीचे राहते घर गहाण ठेवायला तो तयार होता. बायको बाहेर बाकड्यावर बसून होती.

मी त्याला म्हटले, "भाऊ, कल्पना चांगली आहे. पण तारण घेण्याआधी हे शंभर तास सलग चालवून दाखवा, आणि पहिल्या तासाला किती वजन उचलते आणि शेवटच्या तासाला किती, ते लिहून आणा." त्याला राग आला असावा, पण त्याने ओळखीच्या एका ठिकाणी परवानगी काढून ते चालवले. चौथ्या दिवशी आला आणि म्हणाला, "साहेब, इंजिन फिरस, पन जोर करत नही." उघडून पाहिले तर झाकणांवर गोल गोल चरे पडले होते आणि पाती कोपऱ्यांवर झिजली होती. अर्ज त्यानेच मागे घेतला. पुढे तो छपाईच्या मशीनला रंगाची पेस्ट पुरवणारे पंप दुरुस्त करू लागला आणि त्या कामात त्याचा जम बसला. घर गहाण पडले नाही.

यात एक मजा आहे. तो पंप आणि ते इंजिन ही एकाच कुटुंबातली भावंडे. इंजिनात दाब देऊन फिरवणे मिळते, पंपात फिरवणे देऊन दाब मिळतो. मर्डॉकची दातेरी चाके उलटी वापरली की गिअर पंप होतो. आणि रंगाची पेस्ट, काकवी, तेल असे घट्ट पदार्थ बारीक फटीतून सहज पळत नाहीत, उलट स्वतःच फट भरतात आणि वंगणही करतात. म्हणून जी रचना वाफेला धरून ठेवू शकली नाही, ती पंप म्हणून जगभर चालली. आपल्याकडच्या साखर कारखान्यांतही काकवी ढकलायला असे फिरते पंप असतात.

मग वाफेने गोल फिरवायचे स्वप्न तसेच राहिले का? नाही, ते दुसऱ्या वाटेने पुरे झाले. इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये टर्बाइन बनवले. त्याने वाफ कोंडून ठेवण्याचा हट्टच सोडला. वाफेला वाहू द्यायचे, तिला वेग घेऊ द्यायचा, आणि त्या वेगवान झोताच्या वाटेत पात्यांची चाके एकामागून एक ठेवायची. पाते कशालाही घासत नाही, त्यामुळे कोपरे सील करायचा प्रश्न उरत नाही. थोडी वाफ फटीतून निसटतेच, पण यंत्र मोठे असले की तो हिस्सा किरकोळ ठरतो. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात पार्सन्सची 'टर्बिनिया' ही छोटी बोट सगळ्या युद्धनौकांना मागे टाकून पळाली आणि जगाची खात्री पटली.

टर्बाइनची किंमत म्हणजे वेग. स्वीडनच्या द लाव्हालचे छोटे टर्बाइन मिनिटाला तीस हजार फेरे घेई. तो दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्रांच्या धंद्यातला माणूस, त्याला वेग हवाच होता. आज उकाईच्या थर्मलमधले टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरते, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेशी जुळवून. बारडोलीकडच्या साखर पट्ट्यात गळीत हंगामात उसाचे चिपाड जाळून वाफ करतात, ती आधी टर्बाइन फिरवते आणि मग उरलेल्या कमी दाबाने रस उकळते. म्हणजे त्या टर्नरची कल्पना तत्त्वाने बरोबरच होती, त्याने निवडलेले यंत्र तेवढे कच्चे होते. अलीकडे परदेशात दोन स्क्रू एकमेकांत फिरणारी वाफेची यंत्रे दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी बसू लागली आहेत. एअरजेट लूमच्या खात्यात जो स्क्रू कॉम्प्रेसर असतो, साधारण तोच उलटा चालवायचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावी अशी फट राखून स्क्रू घासता येऊ लागले, तेव्हा कुठे हे जमले.

आता मॉडेल. मी सांगतो ती मापे लहान वर्कशॉपमध्ये लेथवर होण्यासारखी आहेत. पितळेची बॉडी, आतला व्यास ३० मिलिमीटर, लांबी २०. रोटरचा व्यास २६, लांबी तितकीच २०. दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर जाडीची पितळी झाकणे. शाफ्ट ६ मिलिमीटरचा. झाकणातले शाफ्टचे भोक मध्यापासून बरोबर २ मिलिमीटर बाजूला पाडायचे. बॉडीची त्रिज्या १५, रोटरची १३, म्हणजे २ सरकवले की रोटर एका ठिकाणी टेकतो आणि समोरच्या बाजूला ४ मिलिमीटर जागा राहते. या एका भोकावर सगळे अवलंबून आहे. दोन्ही झाकणे एकत्र बांधून ते एकाच वेळी पाडून घ्यावे, नाहीतर शाफ्ट तिरका बसतो.

रोटरला २ मिलिमीटर रुंद आणि ८ खोल अशा चार खाचा. पाती इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या २ मिलिमीटरच्या हायलम शीटची करावीत, पितळ पितळेवर घासले तर धरते. उंची आठला किंचित कमी, आणि बाहेरची कड कानशीने गोल केलेली. पाते बोटाने उचलून सोडले की स्वतःच्या वजनाने खाचेत पडले पाहिजे, पण डुगडुगता कामा नये.

रोटर आणि झाकण यांच्यातली फट कशी राखायची? उत्तरायणाला उरलेला पतंगाचा कागद घ्या. तो नोटेच्या कागदापेक्षा बराच पातळ असतो. तेलात बुडवून बॉडी आणि झाकणाच्या मध्ये दोन्ही बाजूंना पॅकिंग म्हणून बसवा. रोटरची लांबी बॉडीएवढीच असल्याने कागदाच्या जाडीएवढी फट आपोआप मिळते. स्क्रू आवळताना मध्ये मध्ये शाफ्ट बोटाने फिरवून पाहावा.

हवा आत येण्याचे ३ मिलिमीटरचे भोक एकच्या जागी. बाहेर जाण्याची खिडकी साडेसातपासून साडेअकरापर्यंत, तीन-चार भोके ओळीने पाडली तरी चालतात. ती साडेसातच्या अलीकडे सुरू केली, तर हवा फुगून काम करण्याआधीच निसटते.

मी मुद्दाम 'हवा' म्हटले. हे मॉडेल मुलांनी हवेवरच चालवावे. गाडीच्या स्टेपनीत तीसेक पाउंड हवा भरून घ्या, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब, आणि मध्ये एक छोटी तोटी लावून नळी जोडा. शाफ्टला बोटाने झटका दिल्याशिवाय ते सुरू होणार नाही, कारण थांबलेली पाती खाचेत पडलेली असतात. डोळ्यांवर चश्मा असावा. प्रेशर कुकरच्या शिटीला नळी जोडायचा मोह कुणालाही होईल, आणि तो अजिबात करू नये. कुकरचे पाणी साधारण १२० अंशांवर असते. नळी तुंबली किंवा सुटली, तर त्यातले काही पाणी एका क्षणात वाफ होऊन शेकडो पट फुगते. वाफेवर चालवायचेच असेल, तर तपासलेल्या बॉयलरवर, जाणत्या माणसाच्या हाताखाली.

आता हिशेब करू. पुढचे पाते ४ मिलिमीटर बाहेर, मागचे २. फरक २, पात्याची लांबी २०, म्हणून ४० चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.४ चौरस सेंटिमीटर. दाब २ किलो धरला तर जोर ०.८ किलो. तो शाफ्टच्या मध्यापासून सुमारे १.६ सेंटिमीटरवर लागतो. शाफ्टवर २ सेंटिमीटर त्रिज्येची पुली बसवून दोऱ्याने वजन उचलायला लावले, तर कागदोपत्री ते सुमारे ६४० ग्रॅम उचलू शकते. प्रत्यक्षात बरेच कमी उचलेल. उरलेले कुठे गेले त्याचा ताळमेळ मुलांकडून लावून घ्यावा. साबणाचे पाणी झाकणांच्या कडेला लावले की जिथे बुडबुडे येतात तिथे हवा निसटते, पण झाकणांच्या आतून रोटरच्या बाजूने होणारी मोठी गळती अशी दिसत नाही. तिच्यासाठी पतंगाच्या कागदाऐवजी वहीचा जाडसर कागद घालून वजन पुन्हा मोजावे. फरक लगेच कळतो. मॉडेल लहान असल्याने हे आणखी ठळक होते. मापे दुप्पट केली तर कप्पा आठपट होतो, पण फटींची लांबी फक्त दुप्पट. म्हणून लहान इंजिन मोठ्यापेक्षा प्रमाणाने जास्त गळते.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी शाफ्टला ड्रिल मशीन लावून मॉडेल उलट दिशेने फिरवून पाहावे. खिडकीतून हवा आत ओढली जाते, कप्पा लहान होत जातो आणि एकच्या भोकातून ती दाबाने बाहेर पडते. इंजिनाचा कॉम्प्रेसर झाला. पाणी मात्र त्यात घालू नये. हवा दबते, पाणी दबत नाही, आणि लहान होणाऱ्या कप्प्यात अडकलेले पाणी हायलमची पाती मोडून टाकते.